समोरच्या दुकानात जायला गाडी

मागच्या डिसेंबरात आई बहारीनला आली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी पोहे करायला घेतले आणि घरात कोथिंबीर नाही म्हणाली. आमच्या इमारतीच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक कोल्ड स्टोअर आहे. (कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. नाव असं का पडलं, ते मला एकोणीस वर्षांत कुणी नीट सांगितलेलं नाही.) आईने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि "आलेच" म्हणून निघाली. मी धावत जाऊन तिला लिफ्टपाशी अडवलं आणि गाडीची किल्ली घेतली.

"अगं, समोर दिसतंय ते दुकान!"

दिसतं खरं. पण मध्ये तीन अधिक तीन अशा सहा लेन आहेत, मधल्या दुभाजकावर कमरेएवढं रेलिंग आहे आणि सिग्नल आहे तो पार लांब. डिसेंबरात तिथपर्यंत चालत जाता येतं. जुलैत, चाळीस-बेचाळीस डिग्री आणि वर समुद्राची दमट हवा, अशात चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी पाठवणार नाही. म्हणून आम्ही गाडीत बसलो, उजवीकडे गेलो, पुढे यू-टर्न घेतला, परत आलो, पार्किंग शोधलं, शंभर फिल्सची कोथिंबीर घेतली आणि तसाच उलटा फेरा मारून घरी आलो. पोहे गार झाले होते. आई म्हणाली, "रस्ता ओलांडायला गाडी. हे तुमचं परदेश!"

मी हसून सोडून दिलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुढच्या वर्षभरात इथे आणि पुण्यात अशा दोन गोष्टी घडल्या की आज हे लिहायला बसले आहे.

आपण परदेशस्थ मंडळी गावी गेलो की पहिली टीका रस्त्यांवर करतो. "आमच्याकडे बघा, रस्ते कसे गुळगुळीत." मीही केली आहे. बहारीनचे रस्ते उत्तमच आहेत, खड्डा औषधाला सापडायचा नाही. पण ते कुणासाठी उत्तम आहेत? गाडीत बसलेल्या माणसासाठी. इथे संध्याकाळी तुम्हाला चालायचं असेल, व्यायाम म्हणून, तर सोय आहे: अरादच्या खाडीकाठी, मोठमोठ्या बागांमध्ये सुंदर वॉकिंग ट्रॅक आहेत. तिथे आपण गाडीने जातो, गाडी लावतो, चार फेऱ्या चालतो आणि गाडीने परत येतो. चालणं हा इथे छंद आहे. कामावर, बाजारात, दवाखान्यात चालत जाणं हे मात्र ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याचं नशीब.

आणि असे लोक थोडे नाहीत. सातशे-आठशे चौरस किलोमीटरच्या या देशात निम्म्याहून जास्त वस्ती आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची आहे. गुदेबिया, हूरा, मनामाच्या सूकच्या आसपास राहणारे हॉटेलातले वेटर, टेलर, सफाई कामगार, क्लीनिंग कंपनीतल्या बायका, नुकते आलेले अकाउंटंट, सगळे पायी, नाहीतर सायकलवर, नाहीतर लाल बसच्या थांब्यापर्यंत पायी. मीसुद्धा आल्यावर पहिली तीन वर्षं अशीच चालले. मग लायसन्स मिळालं, जुनी कोरोला घेतली आणि चालणारी माणसं मला दिसेनाशी झाली. खोटं कशाला सांगू? एकदा रात्री सर्व्हिस रोडवरून वळताना एक सायकलवाला माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबला आणि मी त्यालाच हॉर्न दिला. घरी आल्यावर हात थरथरत होते, पण तेव्हासुद्धा मनात विचार काय आला, तर "या लोकांनी दिवा का लावू नये?"

रमजानमध्ये आमच्या कोल्ड स्टोअरचा मुलगा रस्त्यावर आडवा झाला. इफ्तारच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं इथे सगळ्यांना घरी पोचायची घाई असते. हा आमच्याच इमारतीत पाण्याचे बाटले पोचवून परत चालला होता. रेलिंगचा एक तुकडा कधीतरी गाडी धडकून वाकला होता, त्या फटीतून सगळेच जायचे, तोही गेला. पायाचं हाड मोडलं. जीव वाचला ही देवाची कृपा. पण महिनोन्महिने काम नाही, आणि बांगलादेशात घरी पैसे जाणं बंद.

त्या रात्री आमच्या इमारतीच्या खाली पाच-सहा जण जमले. चर्चा कशावर? तो फटीतून का गेला यावर. शिकलेसवरलेले लोक, प्रत्येकाचं म्हणणं एकच, सिग्नलवरून जायला पाहिजे होतं. तेव्हा समोरच्या घरातल्या बहारीनी आजी बोलल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, इंग्रजी स्वच्छ बोलतात. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोण सिग्नलपर्यंत चालत गेलंय?" कुणीच नाही. त्या म्हणाल्या, त्या लहान होत्या तेव्हा या जागी रस्ता नव्हता, पलीकडे मावशीचं घर होतं आणि त्या अनवाणी पळत जायच्या.

पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. इथे मोर्चा, घोषणा असलं काही नसतं हे वाचकांना ठाऊकच आहे, आणि पाहुण्या देशात ते करायचंही नसतं. मी इथली मतदार नाही. शिवाय राजधानीच्या भागात २०१४ पासून निवडून दिलेली नव्हे तर नेमलेली समिती नगरपालिकेचं काम बघते, त्यामुळे नगरसेवकाला गाठायचं हा आपला देशी उपायही नाही. पण अर्ज करता येतो. सरकारचं ॲप आहे, त्यावर परदेशी माणूससुद्धा सूचना नोंदवू शकतो. आजींचा आग्रह एवढाच होता की "रस्ता धोकादायक आहे" असा अर्ज करायचा नाही. ब्लॉक नंबर, रोड नंबर, कुठल्या इमारतीसमोर, किती वाजता, किती माणसं, आणि आपल्याला नेमकं काय हवं आहे, ते लिहायचं.

मग आम्ही मोजायला बसलो. मी, तिसऱ्या मजल्यावरचे मल्याळी काका, एक फिलिपिनो नर्स आणि आजींचा नातू. दोन संध्याकाळी, एकेक तास, खुर्च्या टाकून. प्रत्येक ओलांडणाऱ्या माणसाला एक रेघ. मला वाटलं होतं, दहा-वीस रेघा होतील. पहिल्या अर्ध्या तासात वहीचं पान भरलं. फटीतून किती, सिग्नलकडून किती, कडेवर मूल असलेल्या बायका किती, सगळं वेगळं मांडलं. काका तर डोक्यावर गॅस सिलिंडर घेऊन ओलांडणाऱ्याचा वेगळा रकाना करायच्या बेतात होते.

आमच्या आतल्या रस्त्यावर चार महिन्यांनी दोन गतिरोधक आणि एक झेब्रा पट्टा झाला. मोठ्या रस्त्याचं उत्तर आलं की विषय अभ्यासासाठी पाठवला आहे. रेलिंगची फट मात्र आठवड्याभरात बुजवली! तेव्हा लोक आता रेलिंगवरून उडी मारून जातात. मी हे यशाची कहाणी म्हणून सांगत नाहीये. अर्धं काम झालं, आणि तेही सोपं होतं ते अर्धं.

पण या देशाला चालणाऱ्याचं शहर करता येतच नाही असं नाही, हे मात्र मुहर्रकमध्ये जाऊन बघा. मोत्यांच्या व्यापाराच्या खुणा सांगणारा तिथला साडेतीन किलोमीटरचा मार्ग २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, आणि मुहर्रकच्या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. जुन्या गल्ल्यांतून चालत जायचं, मध्ये मध्ये छोटे चौक, झाडं, बसायला कट्टे, वर मोत्यासारखे गोल दिवे. गाड्यांसाठी कडेला बहुमजली वाहनतळ बांधले आहेत, म्हणजे गल्ल्या मोकळ्या राहाव्यात. आईला तिथे नेलं तेव्हा ती अडीच तास चालली, गुडघ्याचं नाव काढलं नाही. "हे कसं आपल्या शनिवार पेठेसारखं वाटतंय," म्हणाली. लहानपणीच्या शनिवार पेठेसारखं, असं म्हणायचं होतं तिला. उंच भिंतींची अरुंद गल्ली म्हणजे सावली, हे जुन्या मनामाला, जुन्या मुहर्रकला आणि वाड्यांच्या पुण्याला सारखंच माहीत होतं. आपण ते रुंदीकरणात घालवलं.

आता पुण्याची गोष्ट. ही लिहायला जास्त जड आहे.

आई पेठेतल्या शाळेत शिकवायची. तीस वर्षं पायी गेली, पायी आली. निवृत्तीनंतर आमचं घर उपनगरात गेलं, पण सकाळी देऊळ, संध्याकाळी वाचनालय हा नेम तिने सोडला नाही. ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला: आई पडली, मनगट मोडलं. पाऊस होता, फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरावं लागलं, मागून दुचाकी आली, दचकली आणि गेली. मी फोनवरच सुरू झाले: महापालिका काय करते, कर आपण कशाला भरतो, आमच्याकडे बहारीनला असं चालत नाही, वगैरे वगैरे. दादा गप्प होता.

दोन आठवड्यांनी मी गेले तेव्हा कळलं, तो गप्प का होता. आईला फुटपाथवरून खाली उतरावं लागलं, कारण फुटपाथवर गाडी होती. आमचीच. तीन वर्षांपूर्वी दादाने घेतली तेव्हा अर्धे पैसे मी पाठवले होते, मोठ्या कौतुकाने, "आईला दवाखान्यात न्यायला होईल" म्हणून. सोसायटीत एका फ्लॅटला एकच जागा, तिथे जुनी गाडी. मग नवी दोन चाकं फुटपाथवर चढवून बाहेर. गल्लीतले सगळेच लावतात. आई तीन वर्षं रोज आपल्या लेकीने पाठवलेल्या गाडीला वळसा घालून देवळात जात होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेने घेतलीत, म्हटलं कशाला उगाच."

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मी दादाच्या टेपने मोजलं. आमच्या गाडीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत फुटाच्या आसपास जागा उरत होती. बहारीनला वहीत रेघा मारणारी मी, इथे वहीची गरज नव्हती.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतली ३२ हजार ८०० च्या वर पायी चालणारी होती. हे सरकारी आकडे आहेत. वाचून आपण "अरेरे" म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण काही माणसं वळत नाहीत. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी अपघातांवरून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की अडथळ्यांविना, अपंगांनाही वापरता येतील असे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे तेरा वर्षं. एका डॉक्टरच्या अर्जाला तेरा वर्षं लागली, तर आमच्या चार महिन्यांची मी तक्रार करू नये.

मुंबईचे दादाराव बिल्होरे अनेकांना ठाऊक असतील. २०१५ च्या जुलैमध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्याने त्यांचा तरुण मुलगा गेला आणि तेव्हापासून हा भाजीविक्रेता बाप स्वतः खड्डे बुजवत राहिला. पुण्यात ‘परिसर’ ही संस्था ऐंशीच्या दशकापासून हेच सांगत आली आहे की शहर गाड्यांसाठी नसतं, माणसांसाठी असतं. सुजित पटवर्धन यांच्यासारखी माणसं उड्डाणपुलांच्या उत्साहाच्या काळात ही न आवडणारी बाजू मांडत राहिली. त्यांना आमच्या घरात "विकासविरोधी" म्हटलं जायचं, हे मला चांगलं आठवतं. अशा लोकांच्या रेट्यातूनच २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, आणि ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. तेव्हापासून दर वर्षी ११ डिसेंबरला तो होतो. एक दिवस! पण त्या एका दिवशी आईने मैत्रिणींबरोबर भर रस्त्यातून चालत तुळशीबागेपर्यंत जाऊन जे फोटो पाठवले, तसं हसू मी तिच्या चेहऱ्यावर फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि धोरण कागदावर असलं तरी बजावायला कुणीतरी लागतं. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक. म्हणजे मनामात मी ज्या अवस्थेत होते, त्याच अवस्थेत माझे पुण्यातले मतदार नातेवाईक होते. अर्ज करायचा आणि वाट बघायची. फरक इतकाच की मी अर्ज केला. त्यांनी केला नाही, कारण फुटपाथवर त्यांचीच गाडी होती.

इथे एक विरोधी बाजू सांगते. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी हे बोलले तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी सुनावलं, "फुटपाथ फेरीवाल्यांनी खाल्ले, ते नाही बोलणार तुम्ही." बोलते. काही ठिकाणी खरंच चालायला जागा नसते. पण भाजीची हातगाडी चार फुटांची असते आणि तिच्यामुळे दहा माणसं पायी घराबाहेर पडतात. शिवाय तिला जागा नेमून द्यायला २०१४ चा कायदा आहे. चार चाकी गाडी चौदा फुटांची असते आणि दिवसातले बावीस तास कुणाच्याही उपयोगाची नसते. हातगाडीवर कारवाई होते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. आपल्या गाडीला जॅमर लागला की ओळखीच्या साहेबांना फोन करतो. (आईचं मत मात्र काकांच्या बाजूचं आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते.)

दुसरा आक्षेप वेगाचा. गतिरोधक झाल्यावर आमच्याच इमारतीतल्या दोघांनी कुरकुर केली की ऑफिसला जायला उशीर होतो. ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटरने जाणारी गाडी पायी माणसावर आदळली तर तो मरण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधरा किलोमीटरचा फरक. आमच्या रस्त्याच्या लांबीत त्याने किती सेकंद वाचतात, ते ज्याचं त्याने काढावं.

हॉलंडचं उदाहरण हल्ली सगळे देतात, तिथे म्हणे सगळे सायकलवर. पण ते उपजत तसे नव्हते. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्यांनी चळवळीचं नावच ठेवलं ‘बालहत्या थांबवा’. आज आपण तिथे जाऊन फोटो काढतो तो रस्ता त्या आईबापांनी मागून घेतलेला आहे.

तेव्हा माझं परदेशस्थ वाचकांना म्हणणं एवढंच आहे. गावी गाडीसाठी पैसे पाठवताना ती उभी कुठे राहणार, हे आधी विचारा. सुट्टीत गेलात की एक दिवस भाड्याची गाडी न घेता आईवडिलांबरोबर त्यांच्या नेहमीच्या वाटेने चालत जा, त्यांच्या वेगाने. त्यांना कुठे खाली उतरावं लागतं, कुठे हात धरावा लागतो, ते बघा आणि फोटो काढा. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की आपण नेहमी आपल्या जागेसाठी भांडतो, त्या दिवशी फुटपाथसाठी भांडा. आणि तुम्ही जिथे राहता, दम्माम असो, दोहा असो की डॅलस, तिथे कोण पायी चालतं आणि का, हेही जरा बघा.

आमच्या घरात काय झालं, ते सांगते. जुनी गाडी विकायची असं मी सुचवलं, दादाने नकार दिला. तीन दिवस आम्ही बोलत नव्हतो. मग त्याने शेजारच्या गल्लीत एका बंगल्याच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. भाडं मी पाठवते. वहिनीला ते पटलेलं नाही, रोज गाडी काढायला तिला पाच मिनिटं चालावं लागतं. आमच्या जागी आठवड्याभरात पलीकडच्या इमारतीतल्या कुणीतरी गाडी लावली. दादाने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुमची होती तेव्हा चाललं?" आता दादा सोसायटीतर्फे अर्ज करणार आहे, फुटपाथच्या तोंडाशी खांब बसवा म्हणून. फोटो आईने काढलेत, डाव्या हाताने, थोडे हलले आहेत.

आई या डिसेंबरात पुन्हा येते आहे. मोठ्या रस्त्याचा अभ्यास अजून सुरूच आहे. आजी म्हणाल्या, आता थंडी पडली की लोक जास्त चालतात, पुन्हा मोजू या. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाचला खुर्च्या टाकतोय. कोल्ड स्टोअरचा मुलगा कामावर परतलाय, थोडा लंगडतो. त्याने सांगितलंय की चहा त्याच्याकडून, फक्त तो आणायला आमच्यापैकी कुणाला तरी पलीकडे यावं लागेल.